पार्माच्या माळ्यावरची शिट्टी

निवेस कांतारेल्ली सतराव्या वर्षी तिल्देबाईंकडे ऑपेरा शिकायला गेली, तेव्हा आपल्या आवाजानं कौलं उडतात याचा तिला कोण अभिमान! बाईंनी पहिल्याच दिवशी त्यातली हवा काढली.

"कौलं उडवायला वारा पुरतो गं. दोन वर्षं वरचे सूर बंद. आधी श्वास घ्यायला शीक."

दुसरी एखादी पळून गेली असती. ही पोरगी सकाळभर लांगिरानो गावच्या हॅमच्या कारखान्यात डुकराच्या मांड्यांना मीठ चोळायची आणि संध्याकाळी बसनं पार्मा गाठून नुसता श्वासाचा सराव करायची. चिवटपणा म्हणावा तर हा.

तिचा बाप एर्मेते त्याच कारखान्यात पारखी होता. मुरलेल्या मांडीत हाडाची सुई खुपसायची, नाकाशी धरायची आणि निकाल द्यायचा. मालकाचीही भीड नाही. तीस वर्षं तो पार्माच्या थिएटरात सगळ्यात वरच्या माळ्यावर बसत आला होता. त्या माळ्यावरची शिट्टी म्हणजे शाबासकी नव्हे, थोबाडीत. भल्याभल्या गायिका तिथून रडत गेल्या, आणि पहिली शिट्टी बहुधा एर्मेतेची असे.

गावोगावची लहानसहान कामं करत सव्विसाव्या वर्षी निवेसला याच थिएटरात नायिकेचं काम मिळालं. इथं टिकली तर गायिका, नाहीतर पुन्हा मीठ.

रविवारी दुपारचा पहिला खेळ. पहिल्या अंकाच्या शेवटी तिचा वरचा सूर फाटला. ती शिट्टीची वाट पाहत उभी राहिली. शिट्टी आलीच नाही. उलट माळ्यावरून थोड्या समजूतदार टाळ्या आल्या. एर्मेतेची पोर म्हणून आपली गय केली जातेय हे कळलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्या टाळ्यांना चिरत एक लांब शिट्टी आली. ती कुणाची, हे तिला वर न बघताच कळलं.

पडद्यामागे तिल्देबाई म्हणाल्या, "शेवटच्या अंकात तो सूर पुन्हा येतो, तिथं खालीच घे. कुणी फासावर देत नाही."

"वरच घेणार."

"हट्टी मेली!"

"तुमच्याच हाताखाली झालेय, बाई."

शेवटच्या अंकात तिनं तो सूर अगदी हलका लावला आणि श्वासाच्या बळावर उमलवत नेला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग माळ्यानं असा गजर केला की वाद्यवृंदाला थांबावं लागलं. काय गायली पोरगी!

मागच्या दाराशी एर्मेते टोपी चुरगाळत उभा होता. त्या शिट्टीपासून बायकोनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"पप्पा, पोटच्या पोरीला शिट्टी मारलीत?"

"मारली. सगळे माझी भीड धरून बसले होते. मी गप्प राहिलो असतो तर शेवटच्या टाळ्याही भिडेच्याच ठरल्या असत्या, पोरी."

निवेसनं त्याच्या हातातली टोपी काढून घेतली आणि सरळ केली.

"श्वास अपुरा पडला होता. बुधवारच्या खेळाला पडणार नाही."

"बुधवारी येऊ ना मी?"

"या की. तुम्ही आला नाहीत, तर चांगलं झालं हे मला कळणार कसं?"