ओव्हाळांच्या पेटीतला वरचा सूर

लोणावळ्याच्या आमच्या शाळेत तीन पेट्या आहेत आणि तिन्ही कान्ह्याच्या ओव्हाळांकडे बनलेल्या. मी शाळेत संगीत शिकवते. दर मे महिन्यात शाळा बंद असली की एकेक पेटी टेम्पोत टाकून मी दुरुस्तीसाठी कान्ह्याला जाते. स्टेशनपासून पाच मिनिटांवर पत्र्याची लांबट शेड आहे, तोच कारखाना. दारावर पाटी आहे : 'गोरख ओव्हाळ आणि मुलगा, हार्मोनियम बनवणारे'. गोरख जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा राजेंद्र, म्हणजे राजाभाऊ, साठीच्या पुढे गेले. आणि आज पेट्यांचे सूर लावते ती गोरखची नात, हिरा. पाटी बदलणार का, असं मी एकदा राजाभाऊंना विचारलं होतं.

"रंग लय पक्का लागलाय, खरवडला तरी निघत न्हाई," एवढंच ते म्हणाले आणि रंधा मारायला लागले.

गोरख रेल्वेत सुतार होते, लोणावळ्याला. साठ-पासष्ट सालच्या सुमाराला एका गार्डसाहेबांच्या घरची पायपेटी बंद पडली. पायाने भाता मारायची, कपाटाएवढी पेटी. उंदरांनी भात्याचं चामडं खाल्लं होतं. साहेबांनी गोरखला बोलावलं. गोरखने त्याआधी पेटी आतून कधी पाहिली नव्हती. पुन्हा जोडताना गोंधळ नको म्हणून त्यांनी काढलेला एकेक भाग एका प्लायवूडवर ठेवून पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ मारली आणि आकडा घातला. आठ दिवसांत पायपेटी गाऊ लागली. ते प्लायवूड मात्र गोरख घरी घेऊन आले आणि दीड वर्ष त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः हातपेटी केली. सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, तेवढे गुजरातेतून पालिताण्याचे मागवले, बाकी सगळं हाताने. ती पेटी इतकी जड झाली की उचलायला दोन माणसं लागायची. कान्ह्याच्या बुद्धविहारात जयंतीला ती वाजली तेव्हा गाणारे थांबले तरी लोक पेटीच ऐकत बसले, असं गोरख स्वतः सांगायचे. त्यात थोडा मीठमसाला असेल.

पुढच्या वर्षी गावच्या भजनी मंडळाला पेटी हवी झाली. मंडळाचे म्होरके कोंडाजी यांनी निरोप धाडला, की पेटी तयार झाली म्हणजे चावडीपाशी आणून ठेव, आम्ही उचलून नेऊ. ओव्हाळांच्या घरी यायचं, तिथे बसायचं, हे त्या काळात गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना जड जायचं. गोरखने उलटा निरोप दिला : "पेटी वाजवणाऱ्याच्या हाताला बसली पायजे. तुमी या, हितं बसा, वाजवून बघा, मग न्या." महिनाभर कोणी आलं नाही. मग एका सकाळी कोंडाजी आणि त्यांचा पेटीवाला दोघे आले. ओसरीवर बसले, तासभर वाजवलं, दोन पट्ट्या सैल करून घेतल्या. गोरखच्या बायकोने चहा आणला. कोंडाजींनी कपाकडे पाहिलं, पेटीवाल्याकडे पाहिलं आणि चहा प्यायले. त्यानंतर मावळातल्या बऱ्याच भजनी मंडळांच्या पेट्या त्याच ओसरीवर बसून तपासल्या गेल्या.

राजाभाऊंनी शेड बांधली आणि धंदा वाढवला. मोटारसायकलच्या मागे पेटी बांधून ते उर्से, सुदुंबरे, पवनेकाठची गावं असे फिरत. त्यांच्या कानाचं नाव होतं. पेटीत प्रत्येक सुराला पितळेच्या दोन पात्या असतात. दोन्ही एकत्र वाजवल्या आणि जुळत नसल्या की आवाजात लाटा उठतात, वॉं वॉं वॉं अशा. पातीच्या टोकाला कानस मारली की सूर चढतो, बुडाला मारली की उतरतो. लाटा थांबेपर्यंत घासत राहायचं. हल्ली मोबाइलवर सूर मोजणारी, सुया हलणारी अॅप असतात, पण राजाभाऊ त्यांच्याकडे ढुंकून बघत नसत.

हिरा याच आवाजात वाढली. तरी तिने हे करावं, असं घरात कोणाच्या मनात नव्हतं. तिची आई शुभदाताई स्पष्ट सांगायच्या, "पोरीनं पगाराची नोकरी करायची." हिरा आयटीआय झाली आणि सुदुंबऱ्याच्या बाजूच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत का ते बघायचं काम. रविवारी सुट्टी.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. उर्स्याचे सोपान आबा, भजनी मंडळाचे पेटीवाले, नवी पेटी घेऊन परत आले.

"राजाभाऊ, वरचा सा चढलाय. वरची सगळीच पट्टी बिघडल्यागत वाजती."

राजाभाऊंनी पेटी ओढून वाजवली. "बराबर हाय. तुमच्या गवयाचा गळा तपासा आधी."

"गळा माजाच हाय," सोपान आबा म्हणाले.

त्यांच्यात बरीच जुंपली. हिरा शेडला लागूनच्या घरात होती. तिला आतल्या खोलीतून स्पष्ट ऐकू येत होतं, की वरच्या सप्तकातल्या एकाही सुराच्या लाटा थांबलेल्या नाहीत. पहिल्यांदा तिला वाटलं, पप्पा हट्टाने कबूल करत नाहीयेत. पण राजाभाऊ खरोखर कान लावून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग तिला एकेक आठवत गेलं. मोबाइल बारीक आवाजात वाजला की पप्पा उठत नाहीत. कुकरची शिट्टी झाली का, असं आईलाच विचारतात. वापरून झालेला मिक्सर परवा चालूच ठेवला होता.

पप्पांचे कान जात चालले होते, आणि तेही वरच्या बाजूने.

सोपान आबा पेटी तिथेच टाकून रागारागाने गेले. पुढच्या रविवारी राजाभाऊ म्हणाले, "कामशेतला जाऊन येतो. चामडं बघायचंय." ते गेले तशी हिराने ती पेटी उघडली. लहानपणी खेळता खेळता तिने पात्या घासल्या होत्या, पण विकायच्या पेटीला हात लावायची ही पहिलीच वेळ. दोन तास ती घासत होती. एक पाती जास्त घासली गेली आणि वायाच गेली, ती बदलावी लागली. शेवटी लाटा थांबल्या. तिने झाकण लावलं, कानस जागेवर ठेवली आणि हात धुऊन भाकऱ्या थापायला बसली.

राजाभाऊ आले, पेटी वाजवली आणि बायकोला म्हणाले, "बघ, म्हणत न्हवतो? बराबरच हाय."

हिराने भाकरी तव्यावर टाकली.

तेव्हापासून हेच चाललं. आठवडाभर राजाभाऊ पेट्या करायचे, खालचे आणि मधले सूर उत्तम लावायचे. रविवारी त्यांना कामशेतात काहीतरी काम निघायचं. कधी चामडं, कधी खिळे, कधी कोणाला भेटायचं. हिरा वरचे सूर लावायची. पेट्या परत येणं बंद झालं. सोपान आबांनी तर माणसाहाती सांगून पाठवलं, की राजाभाऊचा हात पुन्हा जाग्यावर आला. राजाभाऊ ते चारचौघांत सांगत फिरले. हिराला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. बापाला सांगायचं कसं, की तुमचा हात नव्हे, माझा?

असे सात-आठ महिने गेले. एका रविवारी सुदुंबऱ्याहून एक गिऱ्हाईक अचानक आलं, राजाभाऊंशीच बोलायचं म्हणून अडून बसलं. हिरा फोन लावायला लागली.

"कामशेतला फोन कशाला करतीस?" शुभदाताई म्हणाल्या. "स्टेशनवर बघ."

"स्टेशनवर?"

"तितंच बसत्यात दर रविवारी. तुझं घासून हुईपर्यंत."

हिरा तशीच चपला घालून निघाली. कान्ह्याच्या फलाटावर, सावलीतल्या बाकावर राजाभाऊ बसले होते. मांडीवर रिकामी कापडी पिशवी, हातात चहाचा कागदी कप. लेकीला बघून ते दचकले नाहीत. थोडे सरकले, जागा करून दिली.

"झालं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वरची पट्टी."

हिरा बाकावर टेकली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. कानाला कळत न्हाई, पर बोटाला कळतं. सूर जुळला न्हाई तर फळी थरथरती. आदी थरथरत व्हती, आल्यावर बघतो तर गप."

"मग बोलला का न्हाईत पप्पा?"

"तू का न्हाई बोललीस?"

मग राजाभाऊच पुढे म्हणाले, "मला वाटलं, बोललो तर तू सोडशील. आणि खरं सांगू? मला लाज वाटत व्हती. माज्या बापाचं नाव, माजा कान... आणि त्यो सोपान समोर तोंडावर सांगतोय. त्याला गळा तपास म्हणालो मी." ते हसायला लागले. हिराही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले. चहावाल्याने त्यांना न विचारताच आणखी एक कप आणून दिला. सुदुंबऱ्याचं गिऱ्हाईक तिकडे अर्धा तास शेडमध्ये बसून राहिलं होतं. शुभदाताईंनी त्याला दोनदा पोहे वाढले.

नोकरी सोडायला हिराला आणखी वर्ष लागलं. शुभदाताई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "सोडतीस तर सोड, पर मग चोरून न्हाई करायचं. समोर बसून कर."

समोर बसून करण्याचा पहिला प्रसंग सोपान आबांवरच आला. त्यांच्या मंडळाला दुसरी पेटी हवी होती. आले तर सूर लावायला राजाभाऊ नाहीत, हिरा बसलेली.

"पोरगी लावणार?" आबा म्हणाले. "राजाभाऊ, तुमी हात लावा की जरा."

"माजा हात लाकडाला," राजाभाऊ म्हणाले. "सूर तिचा. मागच्या पेटीचा बी तिचाच व्हता."

सोपान आबा पेटीकडे बघायला लागले. हिरा म्हणाली, "आबा, तुम्ही पेटीकडं बघू नका. अभंग म्हणा, रोज म्हणता तसाच." आबांनी घसा खाकरून एक कडवं म्हटलं. त्यांचा आवाज वर गेला की किंचित उतरतो, हे हिराच्या ध्यानात आलं. तिने सुरात खोट येऊ दिली नाही, पण वरच्या पट्ट्यांखालच्या स्प्रिंगच्या तारा इतक्या हलक्या करून दिल्या, की म्हाताऱ्या बोटांना दाबायला श्रम पडू नयेत आणि सगळं लक्ष गळ्याकडे राहावं. आबांनी वाजवत वाजवत तोच अभंग पुन्हा म्हटला, तिसऱ्यांदा म्हटला. पंधरा दिवसांनी ते इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन आले आणि बरोबर शेजारच्या गावच्या मंडळाची नादुरुस्त पेटीसुद्धा.

आता शेडमध्ये गावातल्या सविता आणि अनिता हिराच्या हाताखाली शिकतात. सविताचा कान चांगला आहे, अनिताला पट्ट्या बसवणं आवडतं. राजाभाऊंना हिराने आग्रह करून तळेगावात नेलं आणि कानाचं मशीन बसवून आणलं. पहिल्या दिवशी ते जेवायला बसले आणि घाबरून म्हणाले, "एवढी भांडी वाजतात आपल्या घरात? कवापासनं?" शुभदाताई म्हणाल्या, "लग्नापासनं." कारखान्यात मात्र ते मशीन काढून खिशात ठेवतात. त्यातून पेटी ऐकली की डब्यात ओरडल्यासारखी वाटते, म्हणे.

गेल्या मे महिन्यात मी गेले तेव्हा हिराने पहिल्यांदाच एक अख्खी पेटी एकटीने केली होती, लाकडापासून सुरापर्यंत. तिने मला ती वाजवायला दिली. सूर असा, की पट्टीवरून बोट उचलावंसं वाटेना. पण भाता मारला की हवा लवकर संपत होती. हिराने भात्याच्या घड्या उलगडून पाहिल्या, सविताने बॅटरी मारली, काही दिसेना.

राजाभाऊ उठले. त्यांनी पेटी आडवी केली, भाता दाबायला मला सांगितलं आणि आपला गाल भात्याच्या कडेकडेने अगदी हळू फिरवत नेला. मागच्या कोपऱ्यात थांबले.

"हितं. फूं करतंय. सरस कमी लावलास."

"एवढं पण नाही जमलं मला," हिरा वैतागून म्हणाली.

"कान गेला तरी गाल हाय माजा," राजाभाऊ म्हणाले आणि इतके खूश झाले, की दिवसभर येईल त्याला ते हेच सांगत होते. हिराने चामडं चिकटवायच्या सरसाचं भांडं गरम करायला ठेवलं आणि भाता पुन्हा उकलायला घेतला.