टकळीने धरलेला अबोला

सूतगिरणीत तिला सगळे टकळी म्हणत. सूत गुंडाळण्याच्या खात्यात ती लग्नाआधीपासून होती; हात यंत्रावर, जीभ गावभर. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं सासूशी बिनसलं, सगळं तिच्याकडून कळायचं.

त्या वर्षी नवा मॅनेजर आला आणि त्याने भिंतीवर पाटी लावली: कामाच्या वेळी बोलणारीला काढून टाकलं जाईल. लगेचच एक ओली बाळंतीण शेजारणीकडे पाणी मागताना सापडली आणि तिला खरंच काढलं.

टकळीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुटीत तिने बायकांना नळापाशी गोळा केलं. "साहेबाला बोलणं नको ना? मग धरू या अबोला. नवऱ्याशी धरतो तसा, पक्का. काम करायचं, पण हूं की चूं नाही."

दुसऱ्या दिवशी खातं गप्प. गिरणीचं किती काम हाकांवर चालतं, ते तेव्हा कळलं. पट्टा घसरला, पेटी रिकामी झाली, असं ओरडून सांगणारं कुणी नाही. मुकादम म्हणजे टकळीचा धाकटा दीर. तो घामाघूम होऊन आला.

"वहिनी, जाड सूत कुठल्या पेटीत आहे?"

वहिनीने पाटीकडे बोट दाखवलं.

घरी मात्र त्याला जेवायला वाढताना ती म्हणाली, "भाऊजी, साहेबाला सांगा. पाटी काढा आणि बाळंतिणीला परत घ्या."

साहेब बधला नाही. पुढे एक बडं गिऱ्हाईक गिरणी बघायला आलं. मॅनेजरने ऐटीत टकळीला विचारलं, "काय बाई, कसं चाललंय काम?" तिने पाटीकडे बोट केलं. मग शेजारणीने. बघता बघता सगळ्या खात्याची बोटं भिंतीकडे. गिऱ्हाइकाला हसू आवरेना.

संध्याकाळी पाटी उतरली, सकाळी बाळंतीण कामावर आली. खात्यात असा गलका झाला, की काय झालं म्हणून दुसऱ्या खात्यांतले लोक धावत आले. ऐकून तेही म्हणाले, "आम्हालाही तुमच्यात घ्या." अशी युनियन उभी राहिली, आणि अध्यक्ष झाली टकळी. पहिल्या सभेत भाषणाला उठली अन् जन्मात पहिल्यांदा तिची बोबडी वळली. तशीच खाली बसली. टाळ्या मात्र थांबेनात.

पुढे बसायला स्टुलं मागायला गेली, तेव्हा जीभ ताळ्यावर आली होती. तिने साहेबाला आपल्या गुडघ्यांचं सांगितलं, मग सासूच्या गुडघ्यांचं, मग त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

"बाई, घ्या स्टुलं," साहेब म्हणाला, "पण मला जेवायला जाऊ द्या."

"जा की," टकळी म्हणाली. "पाळणाघराचं जेवल्यावर बोलू."