डावे महाराज आणि उजवी खुर्ची

पाण्याच्या टाकीपाशी काकांनी पुन्हा खुर्ची उघडली आणि भर फुटपाथवर बसकण मारली.

घडीची लोखंडी खुर्ची, हिरवी, पाठीवर त्यांच्या दुकानाचा पांढरा शिक्का. घरून निघताना त्यांनी ती खांद्याला अडकवली तेव्हा भाचीला वाटलं, वाटेत कुणाकडे पोचवायची असेल. पहिल्याच चौकात कळलं, ती काकांच्या स्वतःच्याच बुडासाठी होती.

"काका, अजून अर्धा रस्ता आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर बसलो. इथून परत फिरलो तरी तेवढंच चालावं लागेल. याला म्हणतात मोक्याची जागा."

"टेंपो घेतला असता तर एव्हाना चहा पिऊन परतलो असतो."

"टेंपोने गेलं की माणूस पोचतो. मला पोचायची घाई नाही." रस्त्यावरून जाणाऱ्या इस्त्रीवाल्याने खुर्चीकडे आणि मग काकांकडे पाहिलं. काकांनी त्याला हात केला, जणू फुटपाथ त्यांचा दिवाणखानाच होता. "आणि ही खुर्ची कशाला म्हणशील, तर तिकडे बसायला. त्याच्या खुर्चीला माझं अंग लागणार नाही, असं मी चारचौघांत सांगून बसलोय. आता शपथ पाळायची म्हणून पाहुण्याने दारात खांबासारखं उभं राहायचं का? तुझी मावशी काय म्हणेल?"

'तो' म्हणजे काकांचा साडू. भाचीची आई तीन बहिणींतली धाकटी. थोरल्या मावशीचे यजमान म्हणजे हे फुटपाथवर बसलेले थोरले काका, आणि मधल्या मावशीचे ते धाकटे काका. दोघे साडू एके काळी एकाच ताटात जेवायचे. दोघांनी मिळून खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा उभा केला होता. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या दारात शोक असो, माणसं बसायची ती यांच्या खुर्च्यांवर.

थोरल्या काकांची कामाची एक रीत होती. खुर्ची टेंपोत चढण्याआधी ते तिच्यावर स्वतः बसून पाहायचे. एकेका खुर्चीवर बसायचं, जरा उसळायचं, उठायचं, पुढच्या खुर्चीवर. लांबून पाहणाऱ्याला वाटे, या माणसाला कुठेच करमत नाही. पण त्यांनी पाठवलेल्या खुर्चीवरून आजवर कुणी आपटलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. समारंभात मात्र ते कधी बसत नसत. सगळ्या गावाला बसवून स्वतः भिंतीशी उभे, जेवायचेही उभ्यानेच, एक डोळा खुर्च्यांच्या पायांवर.

त्या भागीदारीचा मानाचा ऐवज म्हणजे नवरा-नवरीच्या उंच खुर्च्यांची जोडी. सुताराने ती जोडी म्हणूनच घडवली होती. डावीकडच्या खुर्चीला फक्त डाव्या हातावर लाकडी सिंह, उजवीकडच्या खुर्चीला फक्त उजव्या हातावर. शेजारी ठेवल्या की दोन सिंह दोन टोकांना राखण करत बसलेले दिसायचे.

मग नवीन टेंपो आला, आणि त्याच्यावर आधी कुणाचं नाव रंगवायचं यावरून साडू-साडूंची जुंपली. पेंटर ब्रश घेऊन दोन दिवस ताटकळला आणि शेवटी फक्त 'खुर्च्या मिळतील' एवढं लिहून निघून गेला. वाटणी झाली. खुर्च्या वाटल्या, दोऱ्या वाटल्या, ताडपत्र्या वाटल्या. जोडीपाशी आल्यावर दोघेही हटेनात, तेव्हा तीही वाटली. डावी थोरल्याला, उजवी धाकट्याला.

तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात एक जण सिंहासनावर आणि दुसरा साध्या खुर्चीवर. फोटो पाहिला की वाटायचं, नवरी माडीवरून डोकावतेय आणि नवरा खाली अंगणात उभा आहे. कुणी शहाणा म्हणालाच की एकेक दोघांकडून आणू, तर दोघांचं उत्तर ठरलेलं, "जिथे त्याची खुर्ची तिथे माझी जाणार नाही." लोकांनी मग दोघांची नावंच सोडून दिली. थोरले झाले डावे महाराज, धाकटे झाले उजवे महाराज.

हे वर्षानुवर्षं सुखाने चाललं असतं. पण या शनिवारी डाव्या महाराजांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, आणि ती बापाच्या वरताण निघाली.

"मी नवऱ्यापेक्षा उंच बसणार नाही आणि बुटकीही बसणार नाही," तिने सांगून टाकलं. "दोन्ही खुर्च्या आल्या तर बसेन. नाहीतर उभ्याने लग्न करीन, आणि पाहुण्यांनी कारण विचारलं तर माईकवरून सांगेन."

काकांना घाम फुटला तो त्या माईकमुळे. माईकही त्यांच्याच दुकानाचा होता, आणि त्याचा आवाज दूरवर जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यात मागच्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी देवाच्या राज्यावर उपदेश केला. राज्य येवो म्हणून आपण रोज प्रार्थना करतो, पण ते खरोखरच आलं तर तुमच्या घरात पहिला बदल काय होईल, असं त्यांनी विचारलं. पाळकांच्या अशा प्रश्नांना कुणी उत्तर द्यायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बायकांच्या बाकावरून थोरल्या मावशीचा आवाज आला, "खुर्च्यांची जोडी लागेल." अख्खं चर्च खदखदून हसलं. पाळकसाहेबांनी रुमालात तोंड घातलं.

तेव्हापासून काका भाचीच्या मागे लागले होते. ती संडे स्कूलमध्ये शिकवायची, चर्चच्या मासिकात अधूनमधून पानभर लिहायची, तेव्हा यातली पळवाट तिला ठाऊक असणार अशी त्यांची समजूत होती.

"आता नीट सांग," फुटपाथवर ऐसपैस बसून ते म्हणाले. "हे राज्य म्हणजे जागा आहे का? मेल्यावर जायची?"

"नुसती तशी नाही, काका. देवाच्या मनासारखं जिथे चालतं तिथे त्याचं राज्य. ते इथेच सुरू होतं, आपल्यात."

"म्हणजे त्याला कुंपण नाही?"

"नाही."

"मग माणसं किती येणार याचा अंदाज कसा बांधायचा?"

"तो आपण बांधायचा नाही. ज्याने मेजवानी मांडलीय तो बांधेल. ती गोष्ट नाही का, बोलावलेले लोक आले नाहीत तेव्हा यजमानाने रस्त्यावरची माणसं आत घेतली?"

"घेतली, आठवतंय. पण त्यात कुठे लिहिलंय की साडूलाही घेतलं?"

भाचीला हसू आवरेना. ती टाकीच्या कठड्याला टेकली. "काका, शिष्यांमध्ये दोघे भाऊ होते. त्यांनी प्रभूकडे मागितलं, तुझ्या राज्यात आम्हाला एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे."

काका पुढे सरकले. हा विषय त्यांच्या धंद्यातला होता. "मग? मिळाल्या जागा?"

"त्या देणं माझ्याकडे नाही म्हणाला. आणि ज्याला मोठं व्हायचंय त्याने सगळ्यांची चाकरी करावी."

"चाकरी तर मी जन्मभर करतोय. उभं राहून पायाच्या शिरा फुगल्या." काकांनी पोटरी चोळली. "पण काय गं, ते दोघे मागायला एकत्र गेले होते ना?"

"हो, एकत्र."

"म्हणजे एकमेकांशी बोलत तरी होते."

हे तोंडून निघालं तसे ते उठले, खुर्ची खाडकन मिटली आणि चालू लागले. भाचीला मागून जवळजवळ पळावं लागलं.

"एक ध्यानात ठेव," वळणावर ते म्हणाले. "मी मागायला चाललो नाही. भाड्याने घ्यायला चाललोय, रीतसर. भाडं टाकलं की उपकार नाहीत, आभार नाहीत, बोलणं नाही. देवालाही यात काही वावगं वाटायचं कारण नाही."

धाकट्या काकांच्या गोदामाचं शटर अर्धं वर होतं. आत छतापर्यंत चढलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, धूळ, आणि तेलाच्या डब्याचा वास. मधली मावशी दारातच झाडू घेऊन उभी होती. तिने मेहुण्याकडे पाहिलं, त्यांच्या खांद्याकडे पाहिलं, आणि ती खुर्ची काढून घेतली.

"बरं झालं बाई, आणलीत. सकाळपासून पाय टेकले नाहीत," म्हणत ती खुर्ची उघडून तिच्यावर बसलीसुद्धा.

काका खांबासारखे दारात उभे राहिले.

धाकटे काका कानावर पेन्सिल खोचून ढिगामागून आले. त्यांनी थोरल्यांकडे न बघता भाचीला विचारलं, "काय म्हणतायत हे?"

"त्याला सांग," थोरले भाचीला म्हणाले, "उजवी खुर्ची शनिवारी भाड्याने हवी आहे."

दोघांमध्ये हातभर अंतर होतं. भाचीने मान डावीकडून उजवीकडे फिरवली. "काका, उजवी खुर्ची शनिवारी भाड्याने हवी आहे."

"त्यांना सांग, ती खुर्ची त्या दिवशी भाड्याने द्यायची नाही."

"विचार त्याला, का? कुणी आधी सांगून ठेवलीय?"

"सांग, हो. नवरीच्या काकाने."

भाचीने हे काही पोचवलं नाही. धाकट्या काकांनी कोपऱ्यातली गोधडी ओढली. खाली उजवी खुर्ची होती. सिंहाला नवा सोनेरी रंग, बैठकीला नवं लाल कापड. थोरल्यांच्या खुर्चीला होतं तेच, तंतोतंत.

"हा रंग त्याला कुठून मिळाला?" थोरले काका ओरडले.

"मी ताईकडे आले होते तेव्हा तुमच्या खुर्चीचा धागा काढून आणला," मधली मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "पोरीचं ठरल्याचं कळलं, त्याच आठवड्यात. असे बघू नका. भांडण तुम्ही दोघांनी वाटून घेतलंत, आम्ही बहिणींनी त्यातलं काही घरी नेलं नव्हतं."

"त्यांना सांग," धाकटे काका म्हणाले, "मीच आणीन, मीच मांडीन, आणि घरच्यांच्या टेबलावर जेवीन. भाडं घेणार नाही."

"फुकट?" थोरले काका जणू कुणी चिमटा काढल्यासारखे कळवळले. "फुकट घेतली तर आभार मानावे लागतील! जन्मभर मनावर ओझं राहील!"

"काका, राज्याचंही तसंच आहे," भाचीच्या तोंडून निघून गेलं. "ते भाड्याने मिळत नाही."

"तू गप्प बस. इथे संडे स्कूल उघडायला सांगितलं नव्हतं."

मावशीने झाडूची एक काडी उपटली आणि ती मोडत बसली. बाहेरून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. भाचीला वाटलं, आता काका आपली खुर्ची मावशीच्या खालून ओढून घेतील आणि चालू लागतील, आणि शनिवारी माईक वाजेल. तिने मनातल्या मनात प्रार्थना केली. प्रार्थनेत शब्द फारसे नव्हते, नुसतं 'येऊ दे, येऊ दे' एवढंच.

पण काका सिंहाकडे बघत होते. मग पायांकडे. मग बैठकीकडे. आणि भाचीच्या लक्षात आलं की ते कुठल्या कात्रीत सापडलेत. त्याच्या खुर्चीला अंग लागणार नाही, ही एक शपथ. आणि स्वतः बसून पाहिल्याशिवाय खुर्ची लग्नाला जाणार नाही, ही जन्माची रीत. त्यातून लग्न कुणाचं, तर पोटच्या पोरीचं.

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोर पडली म्हणजे?" ते स्वतःशीच म्हणाले. आणि बसले.

काका एकदा उसळले. दोनदा उसळले. चेहरा गंभीर.

"मागचा पाय हलतोय," ते म्हणाले.

"हलत नाही," धाकटे म्हणाले.

"मी बसलोय का तू बसलायस?"

"फरशी वाकडी आहे. पाय सरळ आहे."

"फरशी वाकडी? मला खुर्च्या शिकवतोस? ये इकडे, खाली वाकून बघ!"

"बघतो की! उठा आधी!"

भाचीच्या मध्यस्थीची गरज संपली होती, हे दोघांनाही कळलं नाही. दोघे गुडघ्यांवर टेकले, खुर्चीखाली डोकी घातली, आणि बाहेर फक्त दोन बुडं उरली, एक रुंद, एक अरुंद. आतून आवाज येत होते. "स्क्रू दे." "हा नाही, बारका." "तुझ्या बापाने असा स्क्रू पाहिला होता का?" "माझ्या बापाला मध्ये आणू नका, तो तुमच्या लग्नात जेवला होता!"

मावशीने पदराने डोळे पुसले. हसण्याने की कशाने, भाचीने विचारलं नाही. दर रविवारी पोरांना ती राज्याचं चित्र काढायला सांगायची, आणि पोरं सोन्याचे दरवाजे आणि ढग काढायची. या चित्राला त्यांनी किती गुण दिले असते कोण जाणे, पण तिने मनात पैकीच्या पैकी देऊन टाकले.

पाय खरंच हलत होता. फरशीही वाकडी होती. त्यामुळे दोघेही जिंकले आणि चहा झाला.

निघताना शटरबाहेर आल्यावर काकांनी भाचीला बाजूला घेतलं. हातांना तेल लागलेलं, कपाळाला धूळ. आत धाकटे काका सिंहावर गोधडी नीट करत होते. काकांनी आवाज अगदी खाली आणला, पण हळू आवाज त्यांना मुळात नव्हताच, त्यामुळे पलीकडच्या पानवाल्यालाही सगळं ऐकू गेलं असणार.

"एक काम करशील माझं?"

"सांगा ना."

"शनिवारी मी बसून जेवणार आहे. पोरीने बजावलंय. घरच्यांच्या टेबलावर माझ्या आणि त्याच्या मध्ये तू बस. राज्य येऊ दे, माझी काही हरकत नाही, पण पहिल्याच दिवशी एकदम खांद्याला खांदा नको. गोड वाढून होईपर्यंत बस. मग पाणी आणते, कुणीतरी बोलावतंय, असं काहीतरी निमित्त काढून ऊठ. आणि परत येऊ नकोस."