कस्तुरासाठी लावलेल्या खुर्च्या

भोसरीतल्या आमच्या चाळीत ऐंशी साली पहिला टीव्ही आला आणि संध्याकाळी सगळी चाळ जयसिंगच्या खोलीत जमायला लागली. पंचवीस-तीस माणसं पडद्याकडे तोंड करून बसायची आणि सोजरबाई ओव्हाळ तेवढ्या पडद्याकडे पाठ करून. नव्या माणसाला वाटायचं, बाई कुणावर तरी रुसल्यात. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन चाळीत आले होते, मलाही तसंच वाटलं. मग कळलं की त्या रुसलेल्या नव्हत्या, कामावर होत्या.

जयसिंग माण तालुक्यातला, एका कंपनीत टर्नर. त्याची बायको शालन औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायला जायची. मुलगी कस्तुरा, पावणेदोन वर्षांची. नवराबायकोच्या शिफ्ट अशा पडायच्या, की एक घरात शिरलं की दुसऱ्यानं चपला घालायच्या. म्हणून कस्तुराला सांभाळायला शेजारच्या खोलीतल्या सोजरबाई.

सोजरबाई या भागात आल्या त्या चौसष्ट-पासष्ट साली. नवरा फाउंड्रीत लागला आणि त्या कारखान्यांच्या शेडच्या बांधकामावर घमेली वाहायला लागल्या. पुढे एका कंपनीच्या पाळणाघरात आया म्हणून बारा वर्षं काढली. पाळणाघर बंद झालं, तेव्हा घरीच पोरं सांभाळायला घेतली. बौद्धांच्या घरी पोर ठेवायचं म्हणून सुरुवातीला एकदोघींनी नाक मुरडलं, पण सकाळी सातचा भोंगा झाला की मुरडलेलं नाक सरळ व्हायला वेळ लागत नाही. आमच्या चाळीतली निम्मी पोरं सोजरबाईंचा उंबरा धरून उभं राहायला शिकली.

पाळणाघरात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. पोराला काय होतंय ते तोंडावर शोधायचं नाही, पायांवर शोधायचं. "तोंडानं हसतंय, पर पायाची बोटं आवळून धरल्यात, म्हंजी त्याला भ्या वाटतंय," असं त्या म्हणत. आणि बोटं पसरून सैल पडली की पोर सुखात आहे, मग ते रडत का असेना.

टीव्ही दिवाळीत आला. सरकत्या दारांच्या लाकडी कपाटात बसवलेला. शालननं त्यावर विणलेला रुमाल घातला आणि रुमालावर प्लास्टिकचा हंस ठेवला. पहिले काही दिवस कस्तुरा हंसाकडेच बघत होती. मग तिला पडदा सापडला. आणि महिन्याभरात त्या गुणी पोरीचं काय झालं कुणाला कळेना. रविवारचा सिनेमा संपला, की ती दिसेल त्याच्या गुडघ्यावर डोकं आपटायची. झोपायला नेलं की पाठीची कमान करायची. एकदा तर तिनं धोंडीबाच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. धोंडीबा नगरकडचा, चांगला सहा फुटी फिटर. दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यानं मशीनमध्ये अंगठा सापडला म्हणून सांगितलं. तिथल्या डॉक्टरनं म्हणे अंगठा बराच वेळ बघितला आणि या मशीनला दात किती आहेत, असं विचारलं.

शालनचं म्हणणं पडलं, टीव्ही घरातून जाऊ दे. जयसिंगचं म्हणणं, पोरीला दाढा येतायत. तीन दिवस दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. जे काही सांगायचं ते कस्तुराला सांगायची. बाबांना सांग डबा भरलाय. आईला सांग रॉकेल संपलंय. पोर दोघांकडे आळीपाळीनं बघायचं.

चौथ्या दिवशी शालन सोजरबाईंकडे येऊन रडली. सोजरबाईंनी तिला चहा दिला, ऐकून घेतलं आणि आठ दिवस मागितले. त्या म्हणाल्या, "आमटीत खडा लागला म्हणून कुणी पातेलं फेकतं का? खडा कुठला ते बघू दे मला."

तेव्हापासून त्या पडद्याकडे पाठ करून, कस्तुराला समोर बसवून, तिच्या पायांकडे बघत बसायला लागल्या. टीव्हीवर काय चाललंय ते फक्त कानावर. बायका म्हणायच्या, अहो सोजरबाई, वळा की, काय सुंदर साडी नेसलीय ती. त्या नुसत्या हात हलवायच्या.

आठ दिवसांनी त्यांनी निकाल सांगितला तो मी स्वतः ऐकला. सिनेमातली मारामारी सुरू झाली की बोटं आवळतात. गाण्याला टाचा उडतात, ते एक वेळ चालेल, पण गाणं मध्येच तुटून दुसरं सुरू झालं की बोटं परत आवळतात. जाहिराती सगळ्यात वाईट, कारण पोरीनं एक चीज धरेपर्यंत ती निघून जाते आणि पोर हात पुढे करून बसतं. बातम्या बऱ्या, बाई एका जागी बसून बोलते. आणि सगळ्यात उत्तम शेतकऱ्यांचा कार्यक्रम. त्यात एक पांढऱ्या शर्टातला माणूस डाळिंबाला कलम कसं बांधायचं ते दाखवत होता. दहा मिनिटं पडद्यावर एक फांदी आणि दोन हात, दुसरं काही नाही. कस्तुराची बोटं तिथं अशी सुटली, म्हणाल्या, की मला वाटलं पोर झोपलं.

मग ठरलं. संध्याकाळी टीव्ही शेतीच्या कार्यक्रमाला लावायचा आणि तो संपला की कपाटाची दारं सरकवायची. पुढचं काय ते पोर झोपल्यावर. रविवारी सिनेमाच्या वेळी सोजरबाई कस्तुराला कडेवर घेऊन आळंदी रस्त्याच्या बाजूला म्हशी बघायला जायच्या. म्हशी काही मध्येच बदलत नाहीत. जयसिंगचा सिनेमा शाबूत राहिला, म्हणून त्यानंही मान डोलावली.

पंधरा दिवस सगळं छान चाललं. अडचण आली ती पुरुषांमुळे. टीव्ही लागलेला आहे म्हटल्यावर शेतीचा का असेना, माणसं येऊन बसणारच. आणि आमच्या चाळीतले फिटर, टर्नर, वेल्डर, सगळे कुणाच्या ना कुणाच्या बांधावरून उठून आलेले. धोंडीबाच्या घरी कांदा. वरच्या मजल्यावरचा साहेबराव लातूरकडचा, त्याच्या घरी ज्वारी. दहा-दहा वर्षं यांच्या हाताला ग्रीसशिवाय काही लागलेलं नव्हतं, पण पडद्यावरच्या माणसानं कांद्याची रोपं किती अंतरावर लावायची ते सांगितलं आणि धोंडीबा उठून उभा राहिला. एवढ्या अंतरानं लावली तर कांदा नाही, लसूण येईल. साहेबराव म्हणाला, तुमच्याकडं येत असंल लसूण. जयसिंग म्हणाला, आमच्याकडं पाणीच नाही, तुम्ही अंतरावर कसले भांडता. मग खतावर निघालं, खतावरून बैलांवर आणि बैलांवरून एकमेकांच्या गावांवर. पडद्यावरचा पांढऱ्या शर्टातला माणूस बिचारा शांतपणे बोलत होता, पण त्याचं तोंड हलताना दिसायचं तेवढंच.

कस्तुराची बोटं आवळली. मग तिनं भोकाड पसरलं.

सोजरबाई वळल्या. त्यांचा आवाज मुळात बारीक. म्हणाल्या, "उद्या कुणाची पेरणी हाय का इथं? न्हाई ना? मग बोंबलताय कशापायी?"

साहेबराव खाली बसत म्हणाला, "मावशी, पण तो माणूस चुकीचं सांगतोय ना."

"मग मुंबईला जाऊन त्याला सांग. ह्या पोरीला कशाला सांगतोस, तिला का कांदं लावायचेत?"

दोन दिवस सगळे गप्प बसले. तिसऱ्या दिवशी ऊस निघाला आणि खोलीत सातारा, सांगली आणि नगर एकदम बोलायला लागले. सोजरबाईंनी कस्तुराला उचललं आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. चाळीत रविवारच्या मारामारीला जेवढा आवाज होत नव्हता तेवढा शेतीला व्हायला लागला. शालन म्हणाली, आता हे खोकं मी नक्की विकते.

आणि मग खुर्च्या सापडल्या. त्या ठरवून सापडल्या नाहीत. एका संध्याकाळी उसाचं भांडण अंगणात गेलं आणि सोजरबाई मागे राहिलेलं कस्तुराचं दुपटं न्यायला आल्या, ती कडेवरच होती. टीव्ही तसाच चालू. पडद्यावर दोन खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर फुलदाणी. एका खुर्चीतल्या माणसानं दुसऱ्याला जुन्या विहिरींबद्दल काहीतरी विचारलं. दुसऱ्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मग म्हणाला, "असं आहे, की..." आणि थांबला. खोलीत बसलेली चार-सहा माणसं एक एक करून उठली. कुणाला भाजी टाकायची होती, कुणाला पाणी भरायचं होतं. पाच मिनिटांत खोली रिकामी. मी दारात निवडणं घेऊन बसले होते म्हणून तेवढी राहिले.

सोजरबाईंनी पडद्याकडे न बघताच हळूच पाठ केली, कस्तुराला समोर ठेवलं आणि पाय बघितले. मग मला बोटानं खुणावलं. मी वाकून बघितलं. दाही बोटं सुटलेली, एखाद्या म्हाताऱ्यानं जेवण झाल्यावर पाय पसरावेत तशी. विहिरींचं संपायच्या आत पोर झोपलं.

तिथून पुढे आठवड्यातले तीन-चार दिवस कुठली ना कुठली चर्चा असायचीच. चाळीत त्याला नाव पडलं, खुर्च्या. 'खुर्च्या लागल्या' असं कुणी म्हटलं की बाकीचे आपापल्या कामाला जायचे आणि कस्तुरा रांगोळीच्या पाटासारखी शांत बसायची. ज्या दिवशी खुर्च्या नसतील, त्या दिवशी म्हशी. दीड-दोन महिन्यांत पोरगी पहिल्यासारखी झाली. डोकं आपटणं थांबलं, चावणं थांबलं. जयसिंग आणि शालन डब्याचं आणि रॉकेलचं एकमेकांशी समोरासमोर बोलायला लागली. धोंडीबा कस्तुरापुढे परत अंगठा धरायला लागला, आधी जरा लांबून.

यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. खुर्च्यांना पोर झोपायचं, पण सोजरबाई जाग्याच असायच्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई खुर्च्या लागतील तेव्हा अर्धा तास ऐकत होती. हळूहळू नळावर त्यांच्या तोंडून एक एक निघायला लागलं. चांदण्या का लुकलुकतात. सांधे कशानं धरतात. पितळेची मूर्ती ओतताना आत आधी मेण का लागतं. हे शेवटचं त्यांनी फाउंड्रीतल्या नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, हे मला माहीत आहे, तुला कोणी सांगितलं? त्यावर त्या म्हणाल्या, "खुर्चीतल्यानं."

त्यांना सगळ्यात आवडायचा तो 'असं आहे, की' म्हणणारा. तो विहिरींसाठी आला होता, पुढे किल्ल्यांसाठी आणि तांब्याच्या नाण्यांसाठीही आला. त्याच्या आवाजावरून सोजरबाईंनी मनाशी एक माणूस उभा केला होता. उंचापुरा, सावळा, पांढऱ्या मिशांचा, एखाद्या गावचा पाटील शोभावा असा. एके दिवशी कस्तुरा लवकर झोपली आणि त्यांना राहवेना. त्या वळल्या. पडद्यावर एक किडकिडीत पोरगेला माणूस हातविणीचा स्वेटर घालून बसला होता आणि त्याचा तो चष्मा नाकावरून घसरत होता. सोजरबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्याला जेवायला घालत न्हाईत वाटतं." दुसऱ्या दिवसापासून परत पाठ करून बसल्या.

कस्तुरा अडीच वर्षांची झाल्यावर खुर्च्यांना कंटाळली. कपाटाची दारं स्वतः सरकवायला शिकली आणि जाहिरातीतल्या साबणाचं नाव घेऊन नाचायला लागली. शालन घाबरून सोजरबाईंकडे धावली. सोजरबाईंनी पाय बघितले आणि सांगितलं की आता भ्यायची गरज नाही, पोर नाचून मोकळं होतंय. तोवर सोजरबाईंचं नाव मात्र बाहेर गेलं होतं. चिखलीहून, आळंदीहून बायका पोरांना घेऊन यायच्या आणि विचारायच्या, याला काय दाखवू? सोजरबाईंचं उत्तर ठरलेलं असायचं. खुर्च्या दाखव, आणि खुर्च्या नसतील तर म्हशी. बहुतेकींना गुण आला.

एकदा दिघीहून गिरजा नावाची बाई आली. तिचा खंडू दोन वर्षांचा, कुठंच झोपत नाही, कशानं झोपत नाही. सोजरबाईंनी त्याला मांडीसमोर घेतलं, पाठ केली. खुर्च्या लागल्या. खंडूची बोटं आवळली. दुसरा दिवस, तेच. कलम बांधण्याच्या कार्यक्रमाला तर तो किंचाळला. सोजरबाई गोंधळल्या. इतक्या वर्षांत असलं पोर त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी गिरजाला रविवारपर्यंत थांबवून घेतलं, आमच्याकडेच जेवली-झोपली ती. रविवारी सिनेमा लागला आणि सोजरबाईंनी त्या आठ दिवसांनंतर पहिल्यांदाच म्हशींकडे न जाता खंडूला घेऊन बैठक मारली. नायक-नायिका बागेत गात होती तोवर तो चुळबुळत होता. मग गोडाऊनमध्ये मारामारी सुरू झाली. पिंपं कोसळली, गोळ्या सुटल्या, एक जीप पेटली. सोजरबाईंनी पाय बघितले. बोटं सुटत होती. दुसरी जीप पेटेपर्यंत खंडू गाढ झोपला.

खोलीतले सगळे पडदा सोडून त्याच्याकडे बघायला लागले. सोजरबाईंनी गिरजाला विचारलं, तुझं घर नेमकं कुठं आहे. गिरजा म्हणाली, आधी लष्कराच्या हद्दीला लागून होतं, भिंतीपलीकडंच सरावाचं मैदान. जन्मल्यापासून पोर गोळीबारातच झोपलंय. आणि गेल्या महिन्यात ते खोली बदलून गावाच्या दुसऱ्या टोकाला आले होते, तिथं अगदी शांत होतं.

सोजरबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्यांना थांबवेना. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, मीच चुकले. ह्याला मारामारी दाव."

त्या दिवसापासून पोर बघितल्याशिवाय त्यांनी कुणालाच सल्ला दिला नाही. गिरजा पुढच्या रविवारी परत आली ती एकटी नाही. जुन्या घराशेजारची एक बाई तिच्याबरोबर होती, आणि त्या बाईच्या काखेत तिचं सहा महिन्यांचं पोर, त्याच गोळीबारात डोळ्याला डोळा न लावणारं.