बिनवासाचं तेल

रेवसच्या धक्क्याजवळचा तो तेलवाला बोलताना सारखी बोटं हुंगायचा. त्याच्या खोबरेलाला वासच नसे. माझ्या नाकाला कुणी फसवलेलं मला चालत न्हाय, म्हणून मी विचारलंच. त्यानं करवंटीच्या कोळशाची पूड दाखवली.

"बाबा, खवट वास हिला चिकटून ऱ्हातो. फक्त बारीक कुटायची, तापवून कोरडी करायची. ओली कामाची न्हाय. मग तिच्यातनं तेल गाळून घ्यायचं."

"म्हंजे शिळं ताजं होतं?"

"साफ होतं, बाबा."

नात झाली तेव्हा मी त्याच्याकडं गेलो. "बाळाला चोळायला तेल दे रे."

त्यानं डबा उचलला, बोटं हुंगली आणि डबा खाली ठेवला. "ह्यातलं नको. घाण्यावरचं ताजं आणून देतो."

माणूस खरं बोलला. पण त्याच डब्यातलं तेल आमचं घर वर्षभर खात होतं.