भेसळीचं झाड

टोमॅटोबद्दल मला जे कळतं त्यातलं अर्धं कॉलेजात शिकले आणि अर्धं आईकडून. आई हंगामात बियाण्याच्या प्लॉटवर जाते. कळी उमलायच्या आधी चिमट्याने तिच्यातला नर, म्हणजे पुंकेसर, काढायचा, मग दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, दिवसभर हेच. शिवाय भेसळ काढायची. ओळीत एखादं झाड वेगळं दिसलं की मुळासकट उपटून बांधाबाहेर फेकायचं, नाहीतर सगळं बियाणं नापास होतं. या कामात आईची नजर इतकी तयार, की प्लॉटवाले तिला पुढे घालतात आणि बाकीच्या बाया तिच्या मागून चालतात.

त्याआधी ती ऊसतोडीला जायची. मी सहावीत असताना तिची गर्भाशयाची पिशवी काढली. तोडीला जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणींनी काढली होती. पाळी नको आणि कामाला खाडा नको. मला पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. पुढे कंबर धरली तशी तोड सुटली. आमच्या घरात हा विषय निघत नाही. मीही कधी काढला नाही.

एम.एस्सी.ला मला विषय मिळाला तो असा: टोमॅटोच्या फुलात कुठला अवयव कुठे यायचा हे कोणती जनुकं ठरवतात. फुलात बाहेरून आत चार फेरे असतात. हिरव्या पाकळ्या, पिवळ्या पाकळ्या, मग नर आणि मधोमध मादी. त्यातलं एक जनुक बिघडलं की पिवळ्याच्या जागी पुन्हा हिरव्याच पाकळ्या येतात आणि नराच्या जागी मादीचं अंग. हे असलं झाड मला वाढवून, त्याच्या कळ्या वेगवेगळ्या वयात खुडून स्पिरिटमध्ये ठेवायच्या होत्या आणि त्याचं बी धरायचं होतं. सगळा प्रबंध त्यावर उभा.

वादळात कॉलेजचं शेडनेट फाटलं. मार्गदर्शक म्हणाले, ज्यांच्या घरी पाणी आहे त्यांनी रोपं घरी न्यावीत. मी माझी पिशव्यांतली रोपं एस.टी.ने गावी आणली आणि घरामागे लावली. बारा जगली. असा बिघाड चारात एकाच रोपात दिसतो, त्या हिशोबाने तीन तरी तसली निघायला हवी होती, निघालं एक. सातव्या नंबरचं. त्याची पहिली कळी उमलली तेव्हा आत पिवळं काहीच नव्हतं. मला इतका आनंद झाला होता हे आता लिहितानाही खोटं वाटतं.

आईला मी एवढंच म्हणाले होते, "पाणी देत जा." बाकी काही सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं मला वाटलं होतं. ते तसंच लिहून ठेवते.

कळ्या भरल्या त्या सकाळी मी स्पिरिट आणि झाकणाच्या बाटल्या आणायला पाटोद्याला गेले. दुपारी परत आले तर अकरा झाडं उभी होती. सातवं कुंपणापलीकडे पडलं होतं, मुळं वर, पानं मरगळलेली.

"एक भेसळ निघाली बघ," आई म्हणाली. "फूल पिवळंच व्हईना. बरं झालं येळेवर दिसली, न्हाईतर तुझं समदं बी खराब झालं असतं."

ती खूश होती. मी पिशवी खाली ठेवली आणि झाड उचलून आणलं. राग आला नाही, रडूही आलं नाही. आत काही हललंच नाही. ओट्यावर बसून मी ज्या कळ्या धड होत्या त्या खुडून बाटल्यांत टाकायला लागले. बी आता धरता येणार नव्हतं, वर्ष गेलं, एवढं कळत होतं.

"कावून गप हायस?" ती जवळ येऊन बसली.

मग मी सांगितलं. तेच झाड हवं होतं म्हणून. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. मग माझं भिंग मागितलं आणि एक फूल त्याखाली धरलं. आयुष्यभर ज्या जागी चिमटा घातला ती जागा तिने बरोबर शोधली.

"हितं नर न्हाई."

"न्हाई."

"मंग जागा मोकळीच?"

"मोकळी न्हाई ऱ्हात. तिथं दुसरं अंग येतं. फुलात जागा रिकामी पडत न्हाई."

ती बघत राहिली. भिंग धरलेला हात पोटाशी टेकवून ठेवला होता तिने.

"बरं हाय फुलाचं," ती म्हणाली.

भिंग माझ्या हातात देऊन ती उठली आणि उरलेल्या अकरा झाडांना पाणी घालायला गेली. मी बाटलीला चिठ्ठी चिकटवत होते. सात हा आकडा मला दोनदा लिहावा लागला.