दाजींची देणी

दाजी मालवण-कणकवली गाडीवर कंडक्टर होते आणि सुट्टे पैसे त्यांच्याकडे कधीच नसत. तिकिटामागे बाकी लिहून देत आणि वर सांगत, "घराकडे ये, देतंय." माणूस घरी आला की आधी चहा, मग गजाली, गावभरच्या गप्पा. पैशांचं पुढच्या खेपेला. निवृत्त झाल्यावर हा बहाणा संपला, तेव्हा त्यांनी राजरोस उसने घ्यायला सुरुवात केली. कुणाकडून पन्नास, कुणाकडून शंभर. मागायला येणाऱ्यांचा संध्याकाळचा चहा चालूच राहिला.

ते गेले. मृत्युपत्राची अंमलबजावणी थोरल्या सत्यवानाच्या गळ्यात पडली. पहिलंच कलम होतं : ‘आधी माझी देणी फेडावीत. सावकाश फेडावीत, घाई करू नये. मग उरेल ते वाटून घ्यावे.’

सत्यवान मुंबईत ऑडिटर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेणारा माणूस. म्हाताऱ्याने कागदावरही आळस सोडला नाही, असं त्याला वाटलं. बारावं उरकताच त्याने तेवीस घेणेकऱ्यांची यादी केली, तेवीस पाकिटं भरली आणि दोन दिवसांत सगळ्यांचे मिळून चार हजार एकशे सत्तर रुपये चुकते केले. वर प्रत्येकाची सही घेतली.

शेजारचा बाबली सुतार पाकीट हातात धरून नुसता उभा राहिला. "एवढी घाई कित्याक रे, सत्या?"

"काका, नियम तो नियम. इथे सही करा."

बाबलीने सही केली, पण तोंड असं, की जणू त्याच्याकडूनच पैसे काढून घेतले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटीवर कुणीच आलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. आईने, सावित्रीने, सवयीने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि पाच कप मांडले.

"आये, कोण येतलो?"

"कोण नाय." तिने तीन कप उचलून ठेवले. "गेल्या वर्षी मी न्हाणीत पडलंय. तुझो बापूस बाजारात गेल्लो. बाबली पन्नास रुपये मागाक इलो, म्हणान वाचलंय. आता तो कित्याक येतलो?"

सत्यवानाने कप खाली ठेवला. परवा त्याची गाडी होती आणि आई काही केल्या मुंबईला यायला तयार नव्हती. त्याने मृत्युपत्र काढून ते पहिलं कलम पुन्हा वाचलं. आळशी म्हाताऱ्याने एक शब्द नेमका लिहिला होता आणि तपासनीस मुलाने तेवढाच वगळला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सकाळी तो बाबलीच्या दारात. "काका, पाचशे रुपये उसने मिळतील?"

बाबलीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "फेडतलंस कधी?"

"सावकाश."

"दोनशे आसत. आणि सही कर." बाबलीने हसू दाबत कागद पुढे केला. "वसुली तुझ्या आयेकडसून करतलंय. रोज."

स्टेशनच्या रिक्षात बसेपर्यंत सत्यवान अकरा जणांचं देणं लागत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मुंबईहून फोन केला. पलीकडे बाबलीचा आवाज, आणखी कुणाचं तरी हसणं, कपबश्यांची खडखड.

"आये, बरी आसस मा?"

"मागीर फोन कर रे," आई म्हणाली. "तुझे सावकार इलेत."